आत जाताना सैल, बाहेर पडताना घट्ट : एका गोळीच्या मापाचा इतिहास

दिल्लीच्या आउटर रिंग रोडने मुनिरक्याहून विमानतळाच्या दिशेने निघाले की राव तुलाराम मार्ग लागतो. मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहणारे हजारो विद्यार्थी रोज या उड्डाणपुलाखालून जातात. हे राव तुलाराम कोण, असा प्रश्न त्यांपैकी फारच थोड्यांना पडत असावा. रेवाडीजवळच्या रामपुऱ्याचे हे सरदार १८५७ च्या उठावात दिल्लीच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी दिल्लीला रसद पोहोचवली, रामपुऱ्याच्या किल्ल्यात तोफा-बंदुका आणि दारूगोळा तयार करण्याचा कारखाना चालवला, १६ नोव्हेंबर १८५७ रोजी नारनौलजवळ नसीबपूर येथे इंग्रजांशी लढाई दिली आणि पुढे देशाबाहेर मदत शोधत असता १८६३ साली काबूलमध्ये त्यांचा अंत झाला.

या लेखाचा विषय मात्र राव तुलाराम नाहीत. त्यांच्या किल्ल्यातल्या कारखान्याचा उल्लेख वाचताना मनात आलेला एक अगदी साधा प्रश्न हा विषय आहे. शिशाची गोळी ओतणारा कारागीर तिचे माप कशावरून ठरवतो? नळीएवढे, नळीपेक्षा कमी, की नळीपेक्षा किंचित अधिक? हा प्रश्न यंत्रशाळेतला आहे आणि वरकरणी क्षुल्लक आहे. पण १८५७ च्या इतिहासाची एक दोरी त्याला बांधलेली आहे. आणि आज दाबयुक्त हवेवर चालणाऱ्या मोठ्या व्यासाच्या रायफलींसाठी ओतीव गोळी आखणारे कारागीर ज्या अडचणीशी झुंजतात, तीही हीच अडचण आहे.

प्रथम जुनी ठासणीची बंदूक पाहू. तिची नळी आतून गुळगुळीत असे. इंग्रजांच्या ‘ब्राऊन बेस’ या प्रसिद्ध बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. आणि तिच्यातली गोळी मात्र सुमारे ०.६९ इंच, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. मध्ये दीड मिलिमीटरची मोकळी जागा उरे. ही ढिलाई चुकून राहिलेली नव्हती, ती मुद्दाम ठेवलेली होती. दारूची काजळी नळीत साचत जाते, आणि विसाव्या बारालाही शिपायाला गजाच्या एका दणक्यात गोळी तळाशी पोहोचवता आली पाहिजे. मिनिटाला तीन बार काढायचे तर गोळी सैलच हवी. महादजी शिंद्यांच्या पलटणींसाठी आग्ऱ्यात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर ज्या बंदुका प्रत्येकी दहा रुपयांत तयार करून देई, त्याही याच कुळातल्या. सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट दिशेने भरकटे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे म्हणजे नशिबाची परीक्षा. ओळीच्या ओळी उभ्या करून एकदम बार काढण्याची युद्धपद्धती या ढिलाईतूनच आली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

उपाय पंधराव्या-सोळाव्या शतकापासून युरोपातल्या शिकाऱ्यांना माहीत होता. नळीच्या आत पीळदार खाचा पाडायच्या. त्या खाचांत गोळी रुतली की ती भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि दिशा सोडत नाही. पण खाचांत रुतायचे तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून आत ठासायची तर शिपायाला घाम फुटतो. १८०० साली इंग्रजांनी स्वीकारलेल्या बेकर रायफलीत गोळीला तेलकट कापडाची वा कातड्याची चकती गुंडाळून ती दाबत न्यावी लागे. सुरुवातीला तर त्यासाठी लहान लाकडी हातोडीही देत. पुढची ब्रन्सविक रायफल १८३७ ची. तिच्या नळीत दोनच रुंद खाचा होत्या आणि गोळीच्या कंबरेला पट्टा ओतलेला असे. पट्टा खाचेत बरोबर बसवून मग गोळी आत न्यायची. कागदावर कल्पना सुबक दिसते, पण काजळीने भरलेल्या नळीत तो पट्टा बसवताना शिपायाचे काय होत असेल याची कल्पना करावी.

थोडक्यात मागणी परस्परविरोधी होती. गोळी आत जाताना सैल हवी आणि बाहेर पडताना घट्ट.

या कोड्याच्या उत्तराची एक वाट दक्षिण हिंदुस्थानातून गेली, असे एकोणिसाव्या शतकातले शस्त्रेतिहासाचे ग्रंथकार सांगतात. ब्रिटिश फौजेच्या ३४व्या पायदळ पलटणीतला कॅप्टन जॉन नॉर्टन दक्षिणेत तैनातीवर असताना त्याने तिथल्या शिकाऱ्यांच्या फुंकनळ्या पाहिल्या. (या ३४ क्रमांकाचा मंगल पांडेच्या ३४व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीशी संबंध नाही. ती कंपनी सरकारची निराळी पलटण. योगायोग मात्र चमत्कारिक खराच.) फुंकनळीतल्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठातल्या गाभ्याचा मऊ, लवचीक गोळा बसवलेला असे. फुंकर मारली की हा गाभा नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून पसरे आणि हवेला बाजूने निसटू देत नसे.

इथे क्षणभर थांबून भौतिकशास्त्राकडे पाहिले पाहिजे. निरोगी माणूस पूर्ण जोर लावून फुंकला तरी वातावरणाच्या दाबापेक्षा फार तर एक-दशांश किंवा त्याहून थोडा अधिक दाब निर्माण करतो. इतकी तुटपुंजी शक्ती हाताशी असताना केसाएवढी फटही परवडत नाही. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला थोडी दारू वाया गेली तरी चालते. फुंकनळीवाल्याला अर्धा श्वासही वाया घालवता येत नाही. गोळी आणि नळी यांच्या मिलाफाचा सर्वांत बारकाईने विचार सर्वांत दुबळ्या साधनाच्या कारागिराने केलेला असावा, हे म्हणूनच स्वाभाविक आहे. त्या कारागिरांपैकी कुणाचेही नाव नॉर्टनच्या हकिकतीत येत नाही.

नॉर्टनने १८२३ साली बुडाला पोकळी असलेली लांबट, पुढे निमुळती गोळी तयार केली. नळीत ती सैल जाई. दारू पेटली की वायूचा दाब पोकळीत शिरून मऊ शिशाची किनार बाहेर लोटे आणि ती खाचांत रुते. सरकारी शस्त्रमंडळाने ती नाकारली. लष्करी कामाला गोल गोळीच योग्य, असे त्यांचे मत होते. पुढे १८३०च्या दशकात विल्यम ग्रीनर या बंदूक कारागिराने पोकळीत पाचर बसवून गोळी फुगवण्याची कल्पना मांडली; तीही बाजूला पडली. फ्रान्समध्ये डेलव्हीन्य आणि थुव्हनँ यांनी नळीच्या तळाशी कडा किंवा खुंटी ठेवून गजाच्या ठोक्यांनी गोळी पसरवण्याचे प्रयोग केले. अखेर १८४९ साली क्लोद-एत्येन मिनीए या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाच्या पोकळीत लोखंडी वाटी बसवलेली गोळी आणली आणि ती जगभर त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ब्रिटिश सरकारने मिनीएला वीस हजार पौंड दिले. ग्रीनरने मग आपला हक्क सांगितला, आणि प्रसरणाचे तत्त्व प्रथम जाहीरपणे सुचवल्याबद्दल त्याला एक हजार पौंड मंजूर झाले. वर्ष होते १८५७.

त्याच वर्षी हिंदुस्थानात काय घडत होते ते सर्वांना ठाऊक आहे. पण काडतुसाला चरबी लागली कशासाठी, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. नवी एन्फिल्ड रायफल १८५३ च्या नमुन्याची, नळीचा व्यास ०.५७७ इंच. तिच्यातली प्रिचेट गोळी ०.५६८ इंचांची, बाजूंनी गुळगुळीत. दोहोंमधला फरक ०.००९ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. ब्राऊन बेसच्या दीड मिलिमीटरशी याची तुलना करावी. इतक्या बारीक फटीत गोळीसोबत तिला गुंडाळलेला कागदही आत जायचा होता. शिपायाने काडतुसाचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळीचा भाग नळीच्या तोंडात बसवायचा, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली न्यायची. हा कागद घसरत जावा आणि दारूची काजळी मऊ राहावी म्हणून त्या टोकाला मेण आणि चरबी यांचे मिश्रण लावलेले असे. सैल गोळीला वंगण लागत नव्हते. वंगण लागले ते माप घट्ट झाल्यामुळे.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या शस्त्रागारातून गाय-डुकराच्या चरबीची वार्ता बाहेर पडली. रायफलीचे शिक्षण देण्याची केंद्रे तीन होती : डमडम, अंबाला आणि सियालकोट. तिन्ही ठिकाणी निरनिराळ्या पलटणींतून निवडलेले शिपाई येत, त्यामुळे वार्ता पसरायला वेळ लागला नाही. शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण लावावे, दातांऐवजी हाताने टोक तोडावे, अशा सवलती सरकारने पुढच्या काही आठवड्यांत दिल्या. तोवर विश्वास उडाला होता, आणि सवलत म्हणजे संशयाची कबुलीच, असा अर्थ घेतला गेला. पेण तालुक्यातल्या वरसईहून त्याच काळात उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ मध्येही या काडतुसांची हकिकत आली आहे. अभियांत्रिकीतला तो पाव मिलिमीटर तोवर महूच्या छावणीजवळच्या वाटसरूंच्या बोलण्यात पोहोचला होता. उठावाची कारणे अनेक होती आणि त्यांत जमीन, पगार, संस्थाने हे सारे येते. काडतूस हे एकच कारण मानणे हा भाबडेपणा. परंतु असंतोषाला एका हातात धरता येईल अशी वस्तू मिळाली ती मात्र हीच.

पुढचा प्रसंग आजच्या दिल्ली राजधानी क्षेत्रातलाच आहे. ३० आणि ३१ मे १८५७ रोजी गाझियाबादजवळ हिंडन नदीच्या काठी मेरठहून निघालेली इंग्रज तुकडी आणि दिल्लीहून आलेले शिपाई समोरासमोर आले. इंग्रजांच्या बाजूला ६०वी रायफल्स ही पलटण होती आणि तिच्या हाती एन्फिल्ड होती. समोरच्या शिपायांकडे बहुतांशी जुन्याच गुळगुळीत नळीच्या बंदुका. ज्या काडतुसाला त्यांनी नकार दिला होता, त्याच काडतुसाची गोळी शंभराऐवजी कित्येक शे यार्डांवरून त्यांच्यावर येत होती. नळीशी नाते जुळलेली गोळी आणि न जुळलेली गोळी यांतला फरक हिंदुस्थानच्या भूमीवर इतक्या निष्ठुरपणे क्वचितच मोजला गेला असेल.

उठाव मोडल्यावर दोन बदल झाले. पहिला निव्वळ तांत्रिक. एन्फिल्डच्या गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचावर आणला गेला, आणि तिच्या बुडाच्या पोकळीत लाकडाची, पुढे भाजलेल्या मातीची पाचर आली. म्हणजे फट तिप्पट झाली, आणि ती भरून काढण्याचे काम दाबाने आत घुसणाऱ्या पाचरीकडे सोपवले गेले. दुसरा बदल राजकीय, तोही यंत्रशाळेतूनच झालेला. हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची जी बंदूक निघाली ती बाहेरून एन्फिल्डसारखीच दिसे, पण तिची नळी ०.६५६ इंच व्यासाची आणि आतून गुळगुळीत होती. ज्ञान उपलब्ध होते, यंत्रे होती, आणि तरीही खाचा नसलेली नळी जाणीवपूर्वक निवडली गेली. मग १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातातली बंदूकच परवान्याखाली आणली. खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला तो १८६९ साली, या दोन घटनांच्या मधोमध.

आता हवेच्या बंदुकीकडे वळू, कारण फुंकनळीतल्या त्या बाणाचा अर्धा धडा अजून सांगायचा आहे.

कमळाचा गाभा दोन कामे करत होता. फुंकरीच्या दाबाने तो पसरत होता, हे एक. नॉर्टन, ग्रीनर, मिनीए या साऱ्यांनी हेच काम उचलले. पण बाण नळीत सरकवतानाच तो गाभा थोडा दाबला जाऊन भिंतीला टेकलेला असे. म्हणजे फुंकर येण्यापूर्वीच फट बंद झालेली असे. हे दुसरे काम. दारूवाल्यांना त्याची गरज नव्हती, कारण त्यांच्याकडे दाब मुबलक होता. हवेवर मोठी गोळी फेकणाऱ्याला मात्र हे दुसरे कामच कळीचे ठरते.

हवेवर मोठी गोळी फेकणे ही नवी हौस नव्हे. टिरोल प्रांतातल्या बार्थोलोमेउस गिरार्दोनी याने १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी जी हवेची रायफल बनवली तिचा व्यास बारा-तेरा मिलिमीटरच्या घरात होता. दस्ता म्हणजेच हवेची टाकी. तीत हातपंपाने सुमारे दीड हजार दट्टे मारून पन्नास बारांहून थोडा अधिक दाब भरावा लागे (एक बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब). बाजूच्या नळकांड्यात वीसेक गोळ्या राहत. धूर नाही, काजळी नाही, पावसाची भीती नाही. शिपायाच्या पिशवीत जादा टाक्या, पंप आणि शिसे ओतण्याची पळी असे. अमेरिकेत १८०३ ते १८०६ या काळात लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने अशाच प्रकारची रायफल बरोबर नेली होती आणि ती दाखवून भेटणाऱ्या जमातींना चकित केले होते. दाब इतका कमी असल्याने गोळी घरच्या घरी ओबडधोबड ओतून भागत नसे. मोठी गोळी अडकली की संपले, आणि लहान गोळीच्या कडेने दीड हजार दट्ट्यांची मेहनत निसटून जाई.

आजच्या मोठ्या व्यासाच्या हवेच्या रायफलींत टाकीतला दाब दोनशे ते तीनशे बारांपर्यंत असतो. गिरार्दोनीच्या तुलनेत हा प्रचंड वाटतो. पण ओतीव गोळ्या वापरणाऱ्या नेमबाजांचा एक जुना ढोबळ अडाखा आहे : शिशाच्या ब्रिनेल कठिनतेच्या अंकाला १४२२ ने गुणले की प्रति चौरस इंच पौंडांत असा दाब मिळतो, जिथे गोळीचे बूड भरवशाने पसरू लागते. शुद्ध शिशाची कठिनता सुमारे ५, म्हणून हा दाब सात हजारांवर, म्हणजे जवळजवळ ४९० बार. अँटिमनी मिसळलेल्या, कठिनता १२ असलेल्या मिश्रधातूला तो ११०० बारांच्या पुढे जातो. दारूच्या बंदुकीत पाचशे बारांचा पल्ला सहज ओलांडला जातो. हवेच्या रायफलीत टाकीतला दाब मुळात त्याहून कमी, आणि झडपेतून गोळीच्या मागे पोहोचेपर्यंत तो आणखी उतरतो. मऊ शिसे थोडेफार दबते हे खरे. परंतु भरीव गोळी फुगून फट बुजवील, या आशेवर गोळी आखता येत नाही. ती ओततानाच योग्य मापाची असावी लागते.

योग्य माप म्हणजे कोणते, हे कळण्यासाठी आधी नळी वाचावी लागते. कारागीर मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळूहळू ढकलत बाहेर काढतो. त्याच्यावर खाचांचा आणि खाचांमधल्या उंचवट्यांचा ठसा उमटतो आणि सूक्ष्ममापकाने दोन्ही व्यास मोजता येतात. मागचा कोठा, म्हणजे चेंबर, मोजण्यासाठी बिस्मथयुक्त मिश्रधातू ओततात. ती ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळते, गोठताना किंचित आकसते म्हणून कोठ्यातून सुटून येते, आणि तासाभराने पुन्हा मूळ मापावर येते. विद्यार्थ्यांनी या वर्तनाचे कारण जरूर शोधावे. बिस्मथ हा फार विक्षिप्त धातू आहे.

हवेच्या रायफलीत धातूचे काडतूसच नसते. गोळी उघडी, थेट कोठ्यात जाते आणि बोल्टच्या दांड्याने बोटाच्या जोरावर खाचांच्या तोंडाशी टेकवली जाते. इथे आखणीच्या अडचणी एकमेकींत गुंततात. गोळीचे मागचे अंग खाचांच्या व्यासाएवढे हवे, नाहीतर हवा निसटते. पण संपूर्ण गोळी तेवढ्या व्यासाची केली तर ती हाताने आत जातच नाही, आणि गेली तरी खाचांत कोरली जाताना इतका विरोध करते की हवेची बरीचशी शक्ती तिथेच खर्च होते. दारूच्या तुलनेत हा खर्च डोळ्यांत भरणारा. म्हणून पुढचे अंग उंचवट्यांवर नुसते टेकेल एवढे बारीक ठेवतात, आणि मागे एक-दोन अरुंद कडीच तेवढी पूर्ण व्यासाची. शिवाय हवा येण्याचे छिद्र कोठ्याच्या बाजूला असते. गोळीचे बूड त्या छिद्राच्या पुढे गेले नाही तर हवेची वाटच अडते. म्हणजे लांबीवरही बंधन आले. वंगणासाठीच्या खोल चऱ्या मात्र कमी केल्या तरी चालतात, कारण इथे शिसे वितळवणारी ज्वाला नाही.

लांबीवरचे दुसरे बंधन पिळाचे. वुलविचच्या तोफखाना विद्यालयात गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल याने १८७९ साली एक सुटसुटीत सूत्र दिले : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे, म्हणजे नळीतल्या खाचा किती लांबीत एक वळसा पूर्ण करतात ते कळते. ०.४५ इंच व्यासाच्या नळीत तीस इंचांत एक वळसा असेल तर गोळी साधारण एक इंचापर्यंत लांब चालते. त्याहून लांब केली की ती हवेत डगमगू लागते. त्याच व्यासाची गोल गोळी नऊ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणून वजन वाढवायचे तर लांबीच वाढवावी लागते. वजन वाढवायचे कारण असे की थंड हवा गोळीला फार वेगाने ढकलू शकत नाही. दारूचे वायू तापलेले असल्याने झपाट्याने पसरतात. टाकीतल्या हवेचे तसे नाही. मोठ्या व्यासाच्या हवेच्या रायफलींचे वेग म्हणूनच सेकंदाला दोनशे-तीनशे मीटरच्या आसपास राहतात.

आणि एवढे सारे जमले तरी धातू स्वतःचे म्हणणे मांडतो. एकाच साच्यात शुद्ध शिसे ओतले तर ते अधिक आकसते आणि गोळी लहान निघते. कथिल-अँटिमनी मिसळली की गोळी किंचित मोठी. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा. पण इथे सारा खेळ त्या शतांशांचाच आहे. साचा कोरणाऱ्याला आपण कोणत्या मिश्रणासाठी साचा कोरतो आहोत हे आधी ठाऊक असावे लागते.

भारतात अशी मोठी रायफल परवान्याविना बाळगता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वीस ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेचे किंवा साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाचे हवाई शस्त्र परवान्याच्या कक्षेत येते. सोळा ग्रॅमची गोळी सेकंदाला अडीचशे मीटर वेगाने निघाली तर तिची ऊर्जा ५०० ज्यूल होते, त्यामुळे ही मर्यादा रास्तच म्हणावी लागेल. आपल्याकडे हवेच्या रायफलीचे खरे घर नेमबाजीच्या मैदानात आहे. मुनिरक्याहून दक्षिण दिल्लीचे दुसरे टोक गाठले की तुघलकाबादला १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेले डॉ. कर्णीसिंह नेमबाजी संकुल येते. तिथे दहा मीटरवरून साडेचार मिलिमीटरचा छर्रा मारला जातो. त्याची ऊर्जा सात-साडेसात ज्यूल. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने आणि २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

त्या छर्‍याला हातात घेऊन पाहावे. पुढे सपाट डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पातळ पोकळ घेर. डोके उंचवट्यांवर टेकते; घेर नळीत शिरतानाच किंचित दबून भिंतीला भिडतो, आणि मागून हवा आली की आणखी पसरतो. घेर इतका पातळ आहे की भरीव गोळीला न पुरणारा दाब त्याला पुरतो. दोन्ही कामे एकाच तुकड्यात, कमळाच्या गाभ्यासारखी. नेमबाज हे छर्रे डोक्याच्या मापानुसार विकत घेतात : ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे डबे मिळतात. मोठ्या स्पर्धेपूर्वी रायफलीची नळी शिकंजात पक्की करून एकेका डब्यातले छर्रे मारून पाहतात, आणि जो गट कागदावर सर्वांत लहान भोक पाडतो त्याच घाण्याचे डबे वर्षभरासाठी उचलतात. शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीला, ती त्याच कंपनीची असली तरी, निराळा डबा लागतो.